वही तपासली, वाचली नाही

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या दाराची कडी वाजते. दाराला बेल आहे; पण ती मुलगी कडीच वाजवते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची ही धाकटी लेक. मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली इंग्रजीची वही असते. सोमवारी ती शाळेत द्यायची असते, आणि आठवडाभराचा गृहपाठ रविवारच्या संध्याकाळपर्यंत राहिलेला असतो. तो तिचाच राहतो असं नाही. तुमच्या घरातही आज हा अंक हातात असताना कुणाला तरी 'झालं का रे इंग्रजी?' असं विचारलं गेलंच असेल. रविवारची संध्याकाळ आणि अपुरा गृहपाठ यांची सोबत फार जुनी आहे. मी शाळेत होते तेव्हाही ती होती.

गेल्या जूनमध्ये ती पहिल्यांदा आली ती एका अडचणीतून. "आजी, एक पत्र लिहायचं राहिलंय. गाईड मैत्रिणीकडे आहे आणि ती गावाला गेलीय. तुम्ही सांगता का?" मी म्हटलं, "आधी वही तर बघू दे."

वही पाहून मला कौतुक वाटलं. समास आखलेला, मथळे काळ्या शाईत, मजकूर निळ्या शाईत, अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईत 'सीन' आणि तारीख. दोन-तीन ठिकाणी 'गुड'ही होतं. मी वाचायला लागले. पाणीपुरवठा अनियमित असल्याबद्दल पालिकेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं तक्रारीचं पत्र. इंग्रजी इतकं सफाईदार की मी बँकेत असताना आमच्या विभागीय कार्यालयाकडूनही तसं पत्र क्वचित येत असे. कुठल्याशा वसाहतीतले वृद्ध नागरिक आणि कचेरीत जाणारी मंडळी यांची कशी गैरसोय होते, याचं त्यात वर्णन होतं.

"इन्कन्व्हीनियन्स म्हणजे काय गं?" मी सहज विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं. "ते तसंच लिहायचं असतं, आजी."

"बरं. तुमच्याकडे पाणी कधी येतं?"

"एक दिवसाआड. पहाटे चारला. कधी साडेतीनलाच येतं. मग आई आणि मी उठतो. दोन हंडे, तीन कळशा आणि निळं पिंप भरायचं. मग झोप येतच नाही."

"मग हेच लिही ना पत्रात."

ती हसली. मला काहीच कसं कळत नाही, असं ते हसू होतं. "आजी, हे पत्रात नसतंय."

त्या वाक्यानं मला तो सबंध आठवडा झोपू दिलं नाही. आठवड्यातून तीन-चारदा पहाटे चारला उठून पाणी भरणारी मुलगी पाणीटंचाईवर दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडचं पत्र उतरवून काढते, त्यातला एक शब्द तिला समजत नाही, आणि त्याखाली 'गुड' असा शेरा मिळतो. कुणीच खोटं वागलेलं नाही. मुलीनं गृहपाठ केला, बाईंनी तपासला, आईनं 'अभ्यास कर' म्हणून सांगितलं. तरीही त्या पानावर खरं असं काही नाही.

सही कशाची?

माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि त्यातली बरीचशी तपासण्यात गेली. संगणक यायच्या आधीचे ते दिवस. कारकुनानं व्हाउचरवरून जाडजूड खातेवहीत नोंद करायची आणि अधिकाऱ्यानं ती व्हाउचरशी ताडून शेजारी आद्याक्षरं ठोकायची. अधिकारी झाले त्या पहिल्याच वर्षी महिनाअखेरीला आमची बचत खात्यांची वही जुळेना. फरक नऊशे रुपयांचा. बँकेतल्या जुन्या माणसांचा एक ठोकताळा असे. फरकाला नऊनं भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे असं समजावं. रात्री साडेनऊला ती सापडली. ४,५०० रुपयांची नोंद ५,४०० अशी पडली होती, आणि शेजारी आद्याक्षरं होती ती माझी. आमचे वरिष्ठ चिडले नाहीत. चष्मा पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, ही सही तपासल्याची आहे, की हजर असल्याची?"

त्या मुलीच्या वहीतला 'सीन' पाहिला तेव्हा मला तो प्रश्न आठवला. पण हा प्रश्न शिक्षकांच्या अंगावर फेकून मोकळं व्हावं, असं मला वाटत नाही. का, ते पुढे सांगते. आधी माझ्या वहीची गोष्ट सांगते. कारण माझी वही वाचली गेली होती.

'व्हेअर इज द कार?'

मी तासगावची. आम्हाला इंग्रजी पाचवीत सुरू झालं, ए-बी-सी-डीपासून. चार रेघांची वही, दौत, टाक आणि बोटांना लागलेली शाई. घरात इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. वडील शिंपी. बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या पायरीवर त्यांचं मशीन असे. आई चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजीचं घरात असलेलं एकमेव पुस्तक म्हणजे मामांनी दिलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिची पाठची पानं गळलेली होती.

आठवीत आम्हाला एक मास्तर आले. त्यांचा नेम असा की, दर शनिवारी पाच वाक्यं लिहून आणायची. निबंध नाही, पाच वाक्यं. विषय ते देत. एका शनिवारी विषय होता, 'माझे वडील'. माझ्या चुलतबहिणीची जुनी निबंधवही घरात होती. तिच्यात हा निबंध तयारच होता. मी तो उतरवला. माझे वडील डॉक्टर आहेत, ते रोज मोटारीनं इस्पितळात जातात, गरिबांना फुकट औषध देतात.

वही परत आली. त्यात एकही चूक दाखवलेली नव्हती. चुका नव्हत्याच. तळाशी लाल शाईत इंग्रजीत एकच प्रश्न होता, 'व्हेअर इज द कार?' मोटार कुठे आहे?

मास्तरांच्या दोन विजारी माझ्या वडिलांनीच शिवल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वर्गात ते काही बोलले नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं, आणि तेही इंग्रजीतच. मी आठवडाभर ती तर्खडकरांची पानं चाळत होते. पुढच्या शनिवारी मी लिहिलं, 'देअर इज नो कार. देअर इज ए मशीन. माय फादर सिट ऑन स्टेप.' त्यांनी 'सिट'च्या पुढे एक 'एस' लावला आणि शेजारी बरोबरची खूण केली. पुढे मी बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी निबंध लिहिले, ऑडिटला उत्तरं लिहिली, कर्जप्रस्तावांची टिपणं लिहिली. पण इंग्रजीत मी लिहिलेलं माझं पहिलं वाक्य ते. मोटार नाही, मशीन आहे.

आमच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं होती. मास्तर सगळ्यांच्या वह्या कशा वाचत, हे कोडं मला मोठेपणी उलगडलं. ते रोज दहाच वह्या घरी नेत. आणि एका महिन्यात एकाच प्रकारची चूक दुरुस्त करत. श्रावणात क्रियापदाचा 'एस', तर भाद्रपदात भूतकाळ. बाकीच्या चुका तशाच सोडून देत. तेव्हा आम्हाला वाटे, मास्तरांचं लक्ष नाही. आता वाटतं, त्यांच्याइतकं लक्ष पुन्हा कुणी दिलं नाही. पानभर लाल झालेली वही मूल मिटून ठेवतं. एक लाल खूण असली, तर ती लक्षात राहते.

ओझं कशाचं?

गृहपाठ असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे नवा नाही. आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत केलेल्या भाषणात मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचा विषय काढला होता. मालगुडीतल्या शाळकरी स्वामीचा जनक खासदार झाल्यावर याच विषयावर बोलला, याचा एक लेखिका म्हणून मला फार अभिमान वाटतो. पुढे १९९२ साली प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारनं समिती नेमली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. त्याचं नावच 'ओझ्याविना शिक्षण' अशा अर्थाचं होतं. त्यातला एक मुद्दा मात्र दप्तराच्या गोंगाटात हरवला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं अधिक घातक आहे, असं त्या समितीनं सांगितलं होतं. दप्तराचं वजन काट्यावर करता येतं. 'ते तसंच लिहायचं असतं' या वाक्याचं वजन कुठल्या काट्यावर करणार?

२०२० साली केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं दप्तरविषयक धोरण आणलं. त्यात गृहपाठाचे तासही घालून दिले आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नको. तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास. सहावी ते आठवी रोज फार तर एक तास, आणि त्यापुढे रोज फार तर दोन तास. सगळ्या विषयांचे मिळून. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातले हॅरिस कूपर यांनी तिकडच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेऊन २००६ साली जे मांडलं, तेही याच्याशी जुळतं. गृहपाठ आणि अभ्यासातली प्रगती यांचं नातं सातवी आणि त्यापुढच्या वर्गांत ठळक दिसतं. लहान मुलांत ते फारसं दिसत नाही. म्हणजे माध्यमिक शाळेतल्या मुलांना गृहपाठ द्यावा, हे ठीकच आहे. पण धोरणात तास मोजता येतात. त्या तासात मूल काय करतं, ते मोजायला कुणीतरी वहीत डोकं घालावं लागतं.

इंग्रजीच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. गणिताचं उदाहरण चुकलं, तर ते चुकलं हे मुलाला निदान उत्तर पाहून कळतं. मराठीचा निबंध उतरवला, तरी उतरवताना त्याचा अर्थ डोक्यात जातो. इंग्रजीचं पान मात्र अर्थ न कळताही बिनचूक उतरवता येतं. जसं आपण एखाद्या अनोळखी लिपीतली नक्षी गिरवू, तसं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं. त्यामुळे नववीतल्या या मुलीनं आठ वर्षं पुरी इंग्रजी शिकलं आहे. आम्ही नववीत आलो तेव्हा चार वर्षं शिकलो होतो. तिला आमच्या दुपटीनं इंग्रजी यायला हवं. शब्द तिला खरोखरच आमच्यापेक्षा जास्त येतात. 'रिचार्ज', 'डिलिव्हरी', 'अपॉइंटमेंट' हे तिला सांगावं लागत नाही. पण 'आमच्याकडे पाणी पहाटे चारला येतं' हे लिहायचं म्हटलं, की पेन थांबतं. आठ वर्षांत तिला स्वतःचं वाक्य कुणी मागितलंच नव्हतं.

'आजी, तुला एक्सलंट मिळालं'

आता माझा स्वतःचा गुन्हा. माझी नात पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री तिचा फोन आला. सोमवारी 'छत्रीचं आत्मवृत्त' द्यायचं होतं, तिला झोप येत होती, आणि तिची आई दौऱ्यावर गेलेली. आजी कादंबरीकार! मला मोहच झाला. मी फोनवर छत्रीचं आत्मवृत्त इंग्रजीत सांगत गेले आणि ती लिहीत गेली. काड्या मोडल्यावर कोपऱ्यात उभी राहिलेली छत्री, नव्या रंगीत छत्र्यांचा हेवा, शेवटी पावसाची सर. मीच थोडी भावविवश झाले होते.

आठवड्यानं तिचा फोन आला. "आजी, तुला एक्सलंट मिळालं!"

तिच्या आवाजात कौतुक होतं, पण ते माझं होतं. 'मला मिळालं' असं ती म्हणाली नाही. मुलं हिशेबाला पक्की असतात. मी तिचा एक गृहपाठ वाचवला आणि त्याबरोबर तिची स्वतःची एक मोडकी, वेडीवाकडी छत्री हिरावून घेतली.

यातली दुसरी बाजू त्याहून बोचरी आहे. नातीला रविवारी रात्री फोन करायला आजी होती. मावशींच्या मुलीला गाईड होतं, आणि तेही मैत्रिणीचं. शाळेत दोघी एका बाकावर बसल्या असत्या, तर फळा दोघींना सारखाच दिसला असता. पण काम घरी पाठवलं, की घरं कामाला लागतात, आणि घरं काही सारखी नसतात. कुणाच्या घरी इंग्रजी बोलणारे आई-बाप, कुणाकडे शिकवणी, कुणाकडे काहीच नाही. वह्या मात्र सोमवारी एकाच ढिगात पडतात आणि शेरे एकाच लाल पेनानं मिळतात.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि आता फोनला विषय सांगितला की क्षणात निबंध हजर होतो. त्यावर हळहळणारे पालक मला भेटतात. मी त्यांना म्हणते, यंत्राला कशाला बोल लावता? माझी चुलतबहिणीची वही, मैत्रिणीचं गाईड, कादंबरीकार आजी आणि हा फोन, ही एकाच घराण्यातली मंडळी आहेत. फोन सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चपळ, एवढाच फरक. कुणी वाचणार नसेल, तर मूल सर्वांत सोपी वाट धरणारच. मोठी माणसं वेगळं काय करतात?

बाईंचा हिशेब

मध्यंतरी ओळखीच्या एका शिक्षिकेकडे मी हा विषय काढला. इंग्रजीच्याच त्या. त्या रागावल्या नाहीत, उलट मला कागद-पेन घ्यायला सांगितलं. "तुम्ही बँकेतल्या ना, मग मांडा हिशेब. एका वर्गात साठ मुलं. एक वही नीट वाचायला तीन मिनिटं धरा. किती झाले?" एकशे ऐंशी मिनिटं, म्हणजे तीन तास. "माझ्याकडे पाच वर्ग आहेत." पंधरा तास. "दर आठवड्याला. शिकवणं वेगळं, पेपर वेगळे, मतदारयाद्यांचं काम वेगळं, ऑनलाइन माहिती भरणं वेगळं. आणि सगळ्या वह्या तपासल्या नाहीत, तर वर विचारणा होते. वह्या वाचल्या का, असं मात्र आजवर कुणी विचारलं नाही."

मी गप्प झाले. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे पस्तीस मुलं असं प्रमाण सांगितलं आहे. ते कागदावर आहे. नववी-दहावीचे वर्ग त्या कायद्याच्या कक्षेतही येत नाहीत. तेव्हा 'सीन' हा आळसाचा शेरा नाही. तो अशक्य कामाला दिलेलं शक्य तेवढं उत्तर आहे. आमच्या मास्तरांनी हा तिढा कसा सोडवला होता? काम कमी करून. पाच वाक्यं, दहा वह्या, एक चूक. आपण काम वाढवत नेलं आणि वाचन घालवून बसलो. साठ मुलांकडून दोन-दोन पानं घेऊन त्यांवर सह्या करण्यापेक्षा, तीन-तीन ओळी घेऊन त्या वाचाव्यात. तीन ओळी वाचायला अर्धं मिनिट लागतं. साठ वह्या अर्ध्या तासात होतात, आणि पाच वर्गांचे पंधरा तास अडीच तासांवर येतात.

वेगळी वही

मी क्रांती वगैरे काही केली नाही. त्या मुलीला म्हटलं, गाईडातलं शाळेच्या वहीत लिहायचं ते लिही, गुण त्याला मिळतात. पण माझ्यासाठी ही चाळीस पानी वही. दर रविवारी तीन वाक्यं आणायची. तुझ्या घरातली, तुझ्या गल्लीतली. चुकली तरी चालतील, पण ती खरी असली पाहिजेत.

पहिल्या रविवारी तिनं आणलं, 'वॉटर कम फोर ओ'क्लॉक. मदर अँड मी गेट अप. ब्लू ड्रम फुल, देन स्लीप नॉट कम.' मी 'कम'च्या पुढे 'एस' लावला. ती वाट पाहत होती. "बाकी बरोबर आहे?" मी म्हटलं, "बाकीचं पुढच्या रविवारी."

मग आम्ही बाहेरचं इंग्रजी वहीत आणायला लागलो. औषधाच्या पाकिटावरची तारीख, दुधाच्या पिशवीवरच्या ओळी, एस.टी. स्टँडवरच्या पाट्या, एटीएमच्या पडद्यावरच्या सूचना. आईच्या गोळ्यांवर 'जेवणानंतर' असं इंग्रजीत लिहिलेलं तिनं स्वतः वाचलं, त्या दिवशी ती रविवारची वाट न बघता बुधवारीच सांगायला आली.

ऑक्टोबरात तिनं मला पेचात टाकलं. "आजी, पालिकेला इंग्रजीत पत्र का लिहायचं? तिथं तर सगळे मराठीच बोलतात." माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिचं बरोबर होतं. मग आम्ही आधी खरं पत्र लिहिलं, मराठीत. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, गल्लीत किती घरं, शाळेत जाणारी मुलं किती. मावशींनी सही केली, गल्लीतल्या अकरा बायकांनी केली. मावशी ते स्वतः देऊन आल्या आणि शिक्का मारलेली पोच घेऊन आल्या. उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. पाणी अजून पहाटे चारलाच येतं.

पण सहामाहीनंतर शाळेत पुन्हा तक्रारीचं पत्र लिहायला सांगितलं, तेव्हा तिनं गाईड न उघडता तेच पत्र इंग्रजीत केलं आणि वहीत लिहिलं. मला विचारलं नाही. पुढच्या रविवारी वही माझ्यासमोर टाकली आणि तोंड फिरवून बसली. नऊ ठिकाणी लाल वर्तुळं. दहापैकी पाच.

"गाईडमधलं लिहिलं असतं तर आठ मिळाले असते," ती म्हणाली.

खरंच होतं ते. मी तिला तीन गुणांना बुडवलं होतं, आणि तिच्या घरात तीन गुणांना किंमत आहे. क्षणभर मला वाटलं, या वयात दुसऱ्याच्या मुलीवर आपली तत्त्वं चालवायचा मला काय अधिकार? मग मी पान पुन्हा पाहिलं. त्या पानावर 'सीन' नव्हतं. नऊ वर्तुळं होती, म्हणजे नऊ वेळा कुणीतरी थांबलं होतं. साठ वह्यांच्या ढिगात बाईंचं पेन या एका पानावर नऊ वेळा थांबलं होतं. वर्षभराच्या वहीत ती पहिल्यांदाच वाचली गेली होती. मी तिला ते दाखवलं. तिला पटलं असं वाटलं नाही. "पण दहावीला काय?" तिनं विचारलं.

त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे थोडंफार होतं. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत न पाहिलेला उतारा असतो. तो कुठल्याच गाईडात सापडत नाही. तिथे जिला स्वतःचं वाक्य येतं, तिचंच पेन चालतं. ती 'हं' म्हणाली. पाचाचे आठ झाले की मग ती मला मानेल. तोवर ती दोन्ही वह्या लिहिते आहे, आणि मी त्याबद्दल तिला काही म्हणत नाही.

अडखळली की कळतं

या सगळ्यात एक गोष्ट मला मावशींनी शिकवली. मी मुलीला सांगितलं होतं, रोज रात्री धड्यातल्या दहा ओळी आईला मोठ्यानं वाचून दाखव आणि अर्थ मराठीत सांग. सांगितलं खरं, पण मनात शंका होती. मावशी दुसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांना मराठी वाचतानाही बोट फिरवावं लागतं. महिनाभरानं पोळ्या लाटता लाटता मी त्यांना विचारलं, "वाचते का हो रोज?"

"वाचतीय की. मी भाकऱ्या थापते, ती वाचतीय."

"तुम्हाला कळतं का काही?"

"मला काय कळतंय त्यातलं, ताई?" त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "पण अडखळली की कळतंय. मग मी म्हणते, परत वाच."

इतकी वर्षं बँकेत तपासणी करून मला जे नीट जमलं नाही, ते त्या बाईला जमलं होतं. त्या सही करत नाहीत. त्या ऐकतात.

वाचकहो, आज रविवार आहे. संध्याकाळी तुमच्या घरात इंग्रजीची वही निघेल. तुम्हाला इंग्रजी उत्तम येत असेल, तर कृपा करून छत्रीचं आत्मवृत्त सांगू नका. येत नसेल, तर त्याची लाज वाटून घेऊ नका. मुलाला शेजारी बसवा आणि त्यानं लिहिलेल्या तीन ओळी त्याच्याच तोंडून ऐका. तो अडखळला, तर परत वाचायला सांगा. आणि मग विचारा, मोटार कुठे आहे?